अर्धी ओल : वर्धा जिल्ह्यातील एका भाजीपाला शेताचे प्रकरण

२०२५ च्या खरिपात आमच्या भाजीपाल्याचे जे नुकसान झाले, त्याचे कारण गावात एका वाक्यात सांगितले जाते : जुलैच्या झडीने, म्हणजे सततच्या पावसाने, नेले. त्या हंगामात मी रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या. पुढे दिवाळीनंतर त्या सलग वाचल्या, तेव्हा हे कारण मला अपुरे वाटू लागले. जुलैत जी झाडे बसली, म्हणजे कोलमडली, त्यांतली बहुतेक त्याआधीच दुबळी झालेली होती आणि ते दुबळेपण मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या हवामानातून आले होते. त्या काळात पाऊस पडलाच नाही असे नव्हते. तो पडत होता, पण पिकाला पुरेल इतका पडत नव्हता. जमीन पूर्ण कोरडी असती तर आम्ही काही पेरलेच नसते आणि पूर्ण ओली असती तर पेरलेले उगवून आले असते. आमचे नुकसान या दोन्हींच्या मधल्या अर्ध्या ओलीने केले, हे पुढील नोंदींतून दिसेल.

आमचे वावर वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात आहे. शेती मोठा भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी पाहतात. आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही आबाजी म्हणतो, अजूनही सकाळी एक चक्कर टाकतात. जमीन तीन प्रकारची आहे. नाल्याकाठचा तुकडा भारी काळ्या मातीचा आहे. उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तो लवकर चिबडतो, म्हणजे पाणी धरून बसतो. मधला तुकडा मोरांड, म्हणजे मध्यम प्रतीचा, आणि विहिरीजवळ असल्याने त्यावर ठिबक आहे. वरचा तुकडा बरड, म्हणजे हलका मुरमाड, असून त्यातून पाणी जितक्या लवकर निचरते तितक्याच लवकर ओलही जाते. एकाच गावातल्या एकाच पावसाचे या तीन तुकड्यांवर तीन वेगळे परिणाम झाले. त्यामुळे या प्रकरणात तुलना करता येते, अन्यथा हे केवळ एका वर्षाचे गाऱ्हाणे झाले असते.

त्या वर्षीचे हवामान आधी सांगितले पाहिजे. नैऋत्य मोसमी पाऊस केरळात साधारणपणे १ जूनला येतो. २०२५ मध्ये तो २४ मे रोजीच आला आणि २६ मे रोजी मुंबईपर्यंत पोहोचला, जिथे त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे. त्याआधी मे महिनाभर महाराष्ट्रात वळवाचा पाऊस अधूनमधून पडत होता. यामुळे आमच्या भागातही सगळीकडे एकच बोलणे होते की यंदा पाऊस पंधरा दिवस आधी आला. परंतु मेच्या अखेरीस मोसमी पावसाची उत्तर सीमा जिथे थांबली, तिथेच ती जूनच्या मध्यापर्यंत अडून राहिली आणि विदर्भाच्या बहुतेक भागात खरा पाऊस त्यानंतरच सुरू झाला. म्हणजे बातमी लवकर आली आणि पाऊस नेहमीच्याच वेळी आला. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते आणि मृग ७–८ जूनला. या दोन आठवड्यांत आम्ही जे निर्णय घेतले, ते सगळे त्या बातमीवर घेतले.

मे महिन्यातील रोपवाटिका

मिरची, वांगी आणि टमाटर यांची रोपे आम्ही घरीच तयार करतो. मिरचीच्या रोपाला सुमारे चाळीस दिवस लागतात, वांग्याला पाच आठवडे आणि टमाटरला पंचवीस ते तीस दिवस. त्या हिशेबाने मिरचीचे बी मेच्या पहिल्या आठवड्यात आणि बाकीचे टप्प्याटप्प्याने टाकले होते. दरवर्षी आमची भीती उन्हाची असते. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कोवळा कोंब टिकत नाही, म्हणून वाफ्यांवर हिरवी शेडनेट बांधतो आणि सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी देतो. त्या वर्षीही तेच केले आणि पहिली चूक तिथे झाली, कारण त्या मे महिन्यात अनेक दिवस आकाश भरलेले होते, हवा दमट होती आणि वाफा झारीशिवायही सुकत नव्हता.

रोपे कोलमडण्याचा रोग ज्या बुरशींमुळे होतो, त्यांपैकी पिथियमसारख्यांचे बीजाणू मातीच्या कणांमधल्या मोकळ्या पाण्यातून अक्षरशः पोहत एका मुळापासून दुसऱ्या मुळाकडे जातात. दाट पेरणी, साचलेले पाणी आणि न हलणारी हवा त्यांना मिळाली की एका ठिकाणी सुरू झालेली मर दोन-तीन दिवसांत थाळीएवढी पसरते. आमच्याकडे दोन वाफे वीतभर उंच गादीवाफे होते आणि एक, जागा कमी पडली म्हणून, सपाट होता. तिन्हींत बी एकाच पुडीतले होते, तिन्हींना बीजप्रक्रिया सारखीच केली होती. सपाट वाफ्यातील मिरचीची निम्म्याहून अधिक रोपे जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडली. गादीवाफ्यांवर कडेची थोडी गेली. कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे ते मुळाशी ओतणे, दोन्हीकडे केली होती, पण सपाट वाफ्यात ती मर दिसल्यावर केली. आडव्या पडलेल्या रोपाला कोणतेही औषध उभे करत नाही, त्यामुळे तिथे तिचा उपयोग झाला नाही.

वाचलेल्या रोपांची गोष्ट मात्र मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती त्या वेळी कोणाच्याच लक्षात आली नाही. नेहमी लावणीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही रोपांचे पाणी तोडतो आणि शेडनेट हळूहळू काढतो, म्हणजे रोप काटक होते, खोड जाड होते, पानांचा रंग गडद होतो. त्या मे महिन्यात पाणी तोडणे आमच्या हातात राहिले नाही, कारण वरून दर तीन-चार दिवसांनी शिडकावा येत होता, आणि वाऱ्यापावसाच्या भीतीने नेटही काढली नाही. परिणामी रोपे उंच, लुसलुशीत आणि फिक्या हिरव्या रंगाची झाली. बाजारातून आलेल्या पाहुण्याने त्यांचे कौतुक केले, एवढी ती दिसायला चांगली होती.

रोहिणीतील भेंडी

मेच्या शेवटच्या आठवड्यात लागोपाठ तीन दिवस पाऊस झाला. आमच्या पर्जन्यमापकात तिन्ही दिवसांचा मिळून पाऊस तीस मिलिमीटरच्या आत होता. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी, त्यामुळे तीस मिलिमीटर हा आकडा ऐकायला लहान नाही. परंतु तापून वाळलेल्या भारी जमिनीत एवढे पाणी वीतभरही खोल जात नाही, आणि ज्या जमिनीला भेगा आहेत तिथे त्यातले बरेच पाणी भेगांतून सरळ खाली उतरते. भेगांमधल्या ढेकळांचा गाभा कोरडाच राहतो. खरिपाच्या पेरणीसाठी पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊ द्यावा, हा कृषी विद्यापीठांचा दरवर्षीचा सल्ला याच कारणासाठी असतो. दादाला तो सल्ला ठाऊक होता. पण तो कपाशी-सोयाबीनसाठी आहे, भाजीसाठी एवढे थांबायची गरज नाही, असे त्याचे म्हणणे पडले. त्यामागे बाजाराचे गणितही होते : जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात भेंडी कमी असते आणि जो आधी आणतो त्याला भाव मिळतो. आबाजींनी काठीने माती उकरून पाहिली आणि म्हणाले, "वरतून ओलं झालं म्हणजे वावर ओलं झालं, असं नसते बाप्पा." त्यांचे बोलणे आम्ही ऐकले, पण मानले नाही.

भेंडीचे बी रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी तिन्ही तुकड्यांवर टोबले, म्हणजे एकेक करून मातीत खोचले. भेंडीच्या बियांना उगवायला उबदार माती लागते. पंचवीस ते पस्तीस अंशांच्या मातीत त्या चांगल्या उगवतात आणि सतरा अंशांच्या खाली उगवत नाहीत, त्यामुळे उबेची कमतरता नव्हतीच. पुढचे दिवस मात्र पूर्ण कोरडे गेले. आकाश स्वच्छ झाले, पश्चिमेचा कोरडा वारा सुरू झाला, पारा पुन्हा चाळिशीच्या वर गेला. कोरडे बी कोरड्या मातीत पडून राहू शकते आणि पाऊस आला की उगवते. भिजवलेल्या बियांना ती सवड नसते. एकदा कोंब बाहेर पडला की परतीची वाट बंद होते, आणि खाली ओल नसेल तर तो तिथेच मरतो. आम्ही बी भिजवून त्याची वाट पाहण्याची शक्ती काढून घेतली होती आणि जमिनीत त्याच्यापुढे पाणी ठेवले नव्हते.

तीन तुकड्यांवर जे दिसले ते नोंदीप्रमाणे देतो. नाल्याकाठच्या काळ्या जमिनीत पावसाच्या मोठ्या थेंबांनी वरचा थर दडपला गेला होता. उन्हाने त्याची पपडी झाली आणि खाली वाकलेले, पांढरे पडलेले कोंब ती फोडू शकले नाहीत. सातव्या दिवशी वहिनींनी खुरप्याने पपडी उचलली, तेव्हा खाली कोंब जिवंत होते, पण उघडे पडताच दुपारपर्यंत सुकले. बरडावर उगवण लवकर आणि चांगली झाली, चौथ्या दिवशी तासे, म्हणजे ओळी, मोजता येत होत्या. दहाव्या दिवशी त्यातील जेमतेम तिसरा हिस्सा शिल्लक होता, कारण मुळे बोटभर खोल जाईपर्यंत ओल त्यांच्याहून खोल गेली होती. मधल्या तुकड्यावर ठिबक होते आणि दादाने पहाटे अर्धा-अर्धा तास पाणी सोडले. तिथे उगवण सर्वांत उत्तम झाली. इथवर पाहिले तर प्रकरण सोपे वाटते : ठिबक असेल तर आधी पेरा, नसेल तर थांबा.

पण मधल्या तुकड्याची पुढची कथा त्याला पुष्टी देत नाही. आजूबाजूच्या शिवारात त्या वेळी हिरवे असे काहीच नव्हते. कपाशी पेरलेली नव्हती, धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, गवतही वाळलेले होते. उष्ण, कोरड्या हवेत पांढरी माशी झपाट्याने वाढते आणि तिला खायला आमच्या भेंडीची कोवळी पाने तेवढी होती. भेंडीवरील पिवळ्या शिरांचा विषाणू, ज्याला आपण केवडा म्हणतो, तो हीच माशी पसरवते. रोपाला जितक्या लहान वयात तो लागतो तितके नुकसान अधिक होते. फुलोऱ्यानंतर लागला तर काही तोडे तरी मिळतात, दोन-चार पानांवर असताना लागला तर झाड खुजे राहते आणि शेंगा पिवळ्या, राठ निघतात. जूनच्या शेवटी त्या तासांमध्ये पिवळ्या जाळीची पाने दिसू लागली. पिवळे चिकट सापळे आम्ही लावले, पण रोग दिसल्यावर लावले. परभणी क्रांतीसारखे या रोगाला प्रतिकारक म्हणून निघालेले वाण घेण्याऐवजी बाजारात चकचकीत दिसणाऱ्या संकरित वाणावर आम्ही भर दिला होता, हेही इथे नमूद केले पाहिजे.

मिरचीची लावण

भेंडीच्या पाठोपाठ, मृगाच्या पहिल्या दोन दिवसांत, मिरचीची रोपे लावली. ती तयार होऊन वाफ्यात दाटली होती, आणखी थांबलो तर निबर होतील अशी भीती होती, आणि मजूर त्याच दिवसांत मिळत होते, कारण पेरण्या सुरू झाल्यावर ते मिळत नाहीत. ही तिन्ही कारणे खरी होती. मेच्या दमट हवेत वाढलेले ते लुसलुशीत रोप आता चाळीस अंशांच्या कोरड्या वाऱ्यात उभे राहिले. अर्ध्या क्षेत्रावर चंदेरी-काळा मल्चिंग पेपर, म्हणजे जमिनीवर अंथरायचे प्लास्टिक, होता; तिथे ओल टिकली, परंतु दुपारी तापलेल्या पेपरच्या छिद्राच्या कडेला टेकलेली खोडे भाजली आणि नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरावे लागले. छिद्र थोडे मोठे ठेवून रोपाभोवती मूठभर माती लावली असती तर हे टळले असते. दुसऱ्या फेरीत तसे केले आणि टळलेही.

पंधरा जूनच्या सुमारास पाने वाटीसारखी वर वळू लागली. मिरचीची पाने वर वळली तर बहुधा फुलकिडे आणि खाली वळली तर कोळी नावाची सूक्ष्म कीड, ही खूण शेतकऱ्याला फार उपयोगाची आहे, कारण दोघांची औषधे वेगळी आहेत आणि चुरडामुरडा (पाने वळण्याचा रोग) म्हणून सरसकट फवारलेले कीटकनाशक कोळ्यांवर चालेलच असे नाही. आमच्याकडे फुलकिडे होते. जोरदार पाऊस त्यांना पानांवरून धुऊन टाकतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तो पाऊस नव्हता आणि उष्णतेमुळे त्यांची पिढी लवकर पूर्ण होत होती. पेपरच्या चंदेरी बाजूवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने फुलकिडे काही प्रमाणात बिचकतात, आणि आमच्या नोंदीत पेपरवरच्या तासांमध्ये वळलेली झाडे स्पष्टपणे कमी होती. दोन फवारण्या झाल्या. मिरची वाचली, पण तिची वाढ थांबली ती थांबलीच. गावात ज्यांनी आर्द्रा लागल्यावर, म्हणजे २२ जूननंतर, लावण केली, त्यांची मिरची जुलैच्या अखेरीस आमच्या दोन आठवडे आधी लावलेल्या मिरचीच्या बरोबरीला आली. लवकर लावून मिळवलेले दिवस अशा रीतीने परत गेले.

मांडवावरच्या दोडक्याबद्दल थोडक्यात सांगतो. तो जूनच्या मध्यानंतर, पुरेशा ओलीवर लावला आणि त्याला या सगळ्याची झळ फारशी लागली नाही. वेलवर्गीय पिकांत उष्णता आणि लांब दिवस असले की सुरुवातीला नरफुलेच जास्त येतात. वहिनींना त्याची काळजी वाटली, पण ती स्थिती पुढे आपोआप बदलली. बरबटी (चवळी) आणि सांबार (कोथिंबीर) यांचेही तसेच. सांबार तर आम्ही उन्हामुळे आधी टाकलाच नव्हता.

जुलैची झड

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्व विदर्भात अतिवृष्टी झाली आणि आमच्याकडेही झड लागली. नाल्याकाठच्या तुकड्यात पाणी दोन दिवस उभे राहिले. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, आणि श्वास कोंडलेले मूळ पाणी वर ओढू शकत नाही. म्हणून पाण्यात उभे असलेले झाड, ऊन निघताच, पाण्यावाचून मरत असल्यासारखे माना टाकते. टमाटरचे झाड याबाबतीत विशेष नाजूक आहे. त्याची पाने देठासकट खाली वळतात. दादाने त्या दिवशी ते पाहून पाणी कमी पडले की काय असे विचारले, इतका हा देखावा फसवा असतो.

इथे आमची आणखी एक चूक नोंदवतो. झडीच्या चार दिवस आधी, फुलकिड्यांनी मागे पडलेली मिरची उचलावी म्हणून, आम्ही युरिया दिला होता. बरडावर तो निचऱ्याबरोबर खाली गेला. काळ्या जमिनीत, हवा नसल्यामुळे, जिवाणूंनी त्यातील नत्राचे वायूत रूपांतर केले. दोन्हीकडे झाडे पिवळी पडली. जिल्ह्यासाठीची कृषी हवामान सल्ला पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते आणि तीत पुढील पाच दिवसांचा अंदाज असतो. ती आम्ही पाहिली असती तर खताचा तो हप्ता थांबवता आला असता.

परंतु या झडीत सर्व झाडे सारखी बसली नाहीत. त्याच नाल्याकाठी, त्याच पाण्यात, आर्द्रेत लावलेली वांग्याची रोपे पाणी उतरल्यावर आठवड्याभरात सावरली. त्यांची मुळे शाबूत होती. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मुळे वरच्या ओलसर थरातच अडकलेली तिथली मिरची मात्र उभी मेली. अर्ध्या ओलीत वाढलेले मूळ खोल जात नाही, कारण खाली जाण्यासारखे काही नसते. त्यानंतर वरचा थरच पाण्याने कोंडला, की त्या झाडाकडे दुसरा आधार उरत नाही. गावाच्या एका वाक्याशी माझा मतभेद आहे तो इथे. झड दोघांवर सारखीच आली, फरक आधीच्या महिन्याने केला होता.

भरपाईच्या बाबतीत भाजीपाला उत्पादकाची स्थिती कठीण आहे. महाराष्ट्रात खरिपाच्या पीकविम्याच्या यादीत कांदा सोडला तर भाजीपाला नाही. आपत्ती मदतीसाठी पंचनाम्यात नुकसान तेहतीस टक्के वा अधिक असावे लागते. जुलैत मेलेली झाडे त्यात मोजली गेली, पण जूनमध्ये न उगवलेली भेंडी, वाया गेलेले महागडे संकरित बी आणि दोन आठवड्यांनी मागे पडलेली मिरची यांना कोणताच रकाना नाही. हंगामाच्या सुरुवातीचे नुकसान हे बहुधा असे असते, म्हणून त्याची चर्चाही होत नाही, आणि मला ही गोष्ट मनापासून खटकते.

पुढील हंगामाची आखणी

येत्या हंगामासाठी काही गोष्टी ठरल्या आहेत. रोपे यापुढे नारळाच्या भुशाने भरलेल्या प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे रोपांसाठीच्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये, बारीक जाळीच्या आत करायची. ट्रे पावसाच्या दिवशी छताखाली उचलून नेता येतो, त्यामुळे पाणी तोडणे पुन्हा आपल्या हातात येते. बी एकाच दिवशी न टाकता दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन खेपांत टाकायचे, म्हणजे रोपे निबर होतील या भीतीने लावण करावी लागणार नाही. भेंडीचे बी भिजवायचे ते फक्त जिथे ठिबक आहे तिथल्यापुरते. लावणीआधी तिन्ही तुकड्यांवर फावड्याने वीतभर खड्डा घेऊन तळाची माती मुठीत दाबायची. गोळा झाला आणि बोटाने ढकलताच फुटला तर वाफसा आहे, भुगा झाला तर पर्जन्यमापक काहीही सांगो, थांबायचे. नाल्याकाठच्या तुकड्यात उताराला धरून रुंद वरंबे आणि टोकाला चर काढण्याचे काम कार्तिकातच उरकले आहे.

एका मुद्द्यावर घरात अजून एकमत नाही. मृगाआधी भेंडी लावायचीच नाही, असे दादाचे आता ठाम मत झाले आहे. वहिनींचे म्हणणे असे की लवकर लावणे ही चूक नव्हती, तिन्ही तुकड्यांवर एकदम लावणे ही चूक होती. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातील भावावर पोरांच्या शाळेचा खर्च निघतो आणि तो भाव आर्द्रेतल्या भेंडीला मिळत नाही. मधल्या तुकड्यात, विहिरीलगत, ठिबकावर, प्रतिकारक वाणाची सहा तासे रोहिणीत लावायची, त्यांच्या वाऱ्याच्या बाजूला मक्याच्या दोन दाट ओळी महिनाभर आधी उभ्या करायच्या आणि पिवळे सापळे पहिल्या पानापासून लावायचे, असे त्यांनी सुचवले आहे. मक्याचे बी त्यांनी आणूनही ठेवले आहे.